एव्हरेटने पाठवलेलं कातडं

१

बर्नाडेट फोनवर बोलायला लागली की भिंतीवरचे डफ घुमायचे. त्यात नवल काही नव्हतं. ताणून बसवलेलं कातडं ते. खोलीत कुणी मोठ्याने हसलं, शिंकलं, दार आपटलं की त्याला बारीक कंप सुटायचाच. आणि बर्नाडेट जेडोरचा आवाज म्हणजे तळ्याच्या या काठावरून त्या काठाला हाक मारायचा आवाज. वस्तीतले लोक तिला चिडवायचे, की तुला डफ वाजवायला हात कशाला हवेत?

मिगमाव आदिवासींच्या सबंध मुलखात तिच्या हातचे डफ लांबून ओळखू यायचे. ऍशच्या लाकडाचं कडं, त्यावर हरणाचं नाहीतर मूस या थोराड सांबराचं कातडं, मागे चामड्याच्या वाद्यांची घट्ट जाळी, आणि पुढे तिचा रंग. आठ टोकांची चांदणी, देवमासा, आणि तिच्या आईकडून आलेली दुहेरी वेलांटी. कामाची खोली घराच्या मागच्या बाजूला होती. लाकडाची शेगडी तिथेच असल्यामुळे तिची मुलगी आयव्ही आपल्या बाळाचा पाळणाही तिथेच ठेवायची. बाळाचं नाव माटिओ. नुकताच बसायला लागला होता.

त्या सकाळी फोन वाजला तेव्हा बर्नाडेट एका चांदणीला पिवळा रंग भरत होती. फोनवर तिची वहिनी होती, सेडी.

"गेला गं तो, बर्नाडेट."

"कधी?"

"आत्ताच. चहा मागितलान्, मी आणायला गेले..."

"हं," बर्नाडेट म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने ब्रश उचलला. चांदणीचं टोक अर्धं राहिलं होतं, ते पुरं केलं. तोंडातून ब्र काढला नाही, उसासाही टाकला नाही. फक्त मनात एक वाक्य आलं, जसंच्या तसं, शब्दांसकट: मेलास, पण माफी मागितली नाहीस.

आणि कोपऱ्यातला एक डफ घुमला.

एकच. बाकीचे गप्प होते. पिवळ्या रंगाचा थेंब खाली पडला नाही एवढंच, पण ब्रश हवेत थांबला. रस्त्यावरून बर्फ ढकलणारी गाडी गेली असेल म्हणून तिने खिडकीतून पाहिलं. रस्ता पांढराशुभ्र पडला होता, त्यावर चाकाची एक खूण नव्हती. मग शेगडीतलं लाकूड सरकलं असेल, असं म्हणून तिने विषय संपवला.

२

तो डफ कोरा होता, आणि त्याचं कातडं एव्हरेटनेच पाठवलेलं होतं.

एव्हरेट तिचा थोरला भाऊ, सेडीचा नवरा, त्या सकाळी गेला तो. त्याच्यावरचा तिचा राग साधासुधा नव्हता आणि उगाचचा तर मुळीच नव्हता. त्यांच्या आईची एक टोकदार टोपी होती, काळ्या बनातीची, तिच्यावर मण्यांनी काढलेली दुहेरी वेलांटी: एकमेकींकडे पाठ फिरवून पुन्हा आत वळलेल्या दोन रेषा, मध्ये एक कळी. ती कळी दुसऱ्या कुणाच्याही कामात तशी नसायची. एव्हरेट एक दिवस आला, म्हणाला, शाळेतल्या पोरांना दाखवायला फोटो काढतो, आणि टोपी घेऊन गेला. टोपी परत आली. पुढच्या हिवाळ्यात बर्नाडेट शहरातल्या एका मोठ्या दुकानात शिरली तर दारातच आईची वेलांटी पसरलेली. पायपुसण्यावर. तिच्या पुढची बाई त्या कळीवर आपल्या बुटांचा चिखल घासत होती.

त्या दिवशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती खाली उतरलीच नाही. एव्हरेटने नक्षी एका कंपनीला देऊन टाकली होती, कायमची, सहीशिक्क्यानिशी. ती त्याच्या घरी जाऊन ओरडली तर हा दारात उभा राहून हसत म्हणाला, "वेलांटी काय आईने जन्माला घातली होती? आपल्या सगळ्यांची आहे ती. आणि पैसा कुठे गेला ते बघ की." पैसा कुठे गेला ते दिसतच होतं. हॉकीच्या मैदानाला नवे दिवे लागले. म्हाताऱ्यांना शहरातल्या इस्पितळात न्यायला गाडी आली. मग कोण कशाला बोलतंय? सगळ्यांनी माना डोलावल्या आणि गाडीत बसले. बर्नाडेटने भावाशी बोलणं टाकलं.

गेल्या पानगळीत एव्हरेटने डोंगरात मूस मारला. रिवाजाप्रमाणे मांस वस्तीत वाटलं, आणि कातडं बहिणीकडे पाठवलं. आयव्हीच घेऊन आली.

"मामा म्हणाला, आईला दे. आणखी काही बोलला नाही."

"बोलणार कसा? जीभ विकली असेल," बर्नाडेट म्हणाली. "टाक मागे."

पण कातडं कुजू देणं तिच्याने होईना. त्या जनावराने तिचं काय घोडं मारलं होतं? तिने ते खरवडलं, भिजवलं, कड्यावर चढवलं. तिच्या आईचा एक नियम होता. मनात राग असेल त्या दिवशी कातड्याला हात लावायचा नाही. आधी तळ्यावर जायचं, पाण्यासमोर उभं राहून जे काय असेल ते मोठ्याने बोलून टाकायचं, मगच कामाला बसायचं. बर्नाडेटने जन्मभर हा नियम पाळला होता. पण त्या वेळी तिला वाटलं, हा राग उतरायची वाट बघत बसले तर सात जन्मांतही डफ व्हायचा नाही. तिने दातओठ खाऊन वाद्या ओढल्या. प्रत्येक वादी ओढताना तिला पायपुसणं दिसत होतं. गाठ मारली, डफ कोपऱ्यात टांगला, आणि रंगवला मात्र नाही.

मग जानेवारीत एव्हरेटचं यकृत निकामी झालं आणि त्याने अंथरूण धरलं. आयव्हीला चैन पडेना. बाप सोडून गेल्यावर याच मामाने तिला बर्फावर स्केटिंग शिकवलं होतं, गाडी शिकवली होती, शाळेच्या समारंभात बापाच्या खुर्चीवर तोच बसला होता. त्याला बघून यायला तिने आईकडे गाडीची किल्ली मागितली.

"त्या घरात पाय ठेवायचा नाही," बर्नाडेट म्हणाली. "ठेवलास तर माझ्या घरात ठेवू नकोस."

अंगावरचं बाळ घेऊन ती कुठे जाणार होती? आयव्हीने किल्ली खुंटीला परत अडकवली. "बरं, आई," म्हणाली, आणि हसली. त्यानंतर तिने मामाचं नाव काढलं नाही. बर्नाडेटला वाटलं, पोरीला पटलं.

३

माणूस गेला की घरी प्रेताजवळ तीन दिवस जागरण करायचं, मग माती द्यायची, मग सभागृहात जेवण, आणि जेवणानंतर सालिते. गेलेल्याच्या वस्तू आणि वस्तीने आणून दिलेल्या वस्तू मांडून तिथेच लिलाव करायचा, जमलेलं सगळं घरच्यांना द्यायचं. प्रत्येक घरातून काहीतरी यावं लागतं. बर्नाडेटकडून डफच येणार हे सांगायलाही नको होतं. तरी तिची म्हातारी ऍग्नेस मावशी सांगायला आली.

"भावाच्या सालितेला बहिणीचा डफ नसेल तर लोक काय म्हणतील गं?"

"लोक काय म्हणतात? लोक गाडीत बसतात."

"तू बोलतेस ते मला कळतं," मावशी म्हणाली. "पण गेलेल्याविषयी वाईट बोलायचं नाही. मातीपर्यंत तरी गप्प राहा."

"गप्पच तर आहे, मावशी."

बर्नाडेटने मनाशी ठरवलं, त्याचं कातडं त्यालाच परत. कोपऱ्यातला डफ काढून टेबलावर घेतला आणि आईची वेलांटी काढायला बसली. लाल आणि काळी. नेहमी ती सुगंधी गवताच्या वेणीचा धूर देऊन मग रंगाला हात लावायची. त्या दिवशी वेणी डब्यातच राहिली.

पहिली रेष वळवताना तिला ब्रशच्या दांड्यातून काहीतरी जाणवलं. मांजर मांडीवर बसून घुरघुरतं तसं. तिने ब्रश उचलला. डफ घुमत होता. अगदी खालच्या पट्टीत, कानापेक्षा दातांना जास्त कळेल असा.

ती उठली. आधी फ्रीजची वायर काढली. मग शेगडीची झडप बंद केली. पाण्याचा पंप पाहिला, तो बंदच होता. परत येऊन तळहात कातड्यावर ठेवला. कातडं शांत. हे बघ, तिने स्वतःला सांगितलं, रात्रीची झोप नाही, पोटात अन्न नाही, दुसरं काय होणार? ती रंगवायला बसली, आणि मनात आलं, दारात उभं राहून हसलास. तळहाताखाली कातडं थरथरलं.

बर्नाडेट काही भित्री बाई नव्हती, आणि बिनडोक तर नव्हतीच. तिने मुद्दाम वाम माशाच्या कालवणाचा विचार केला: बटाटे, कांदा, मासा कधी सोडायचा. डफ गप्प झाला. मग पुन्हा एव्हरेटचा विचार केला. डफ घुमला. पुन्हा कालवण. गप्प. तिने हे परत करून पाहिलं नाही. डफ उलटा, तोंड खाली करून टेबलावर ठेवला. डफ असा कधी ठेवायचा नसतो, हे तिला ठेवल्यावर आठवलं.

पाळण्यात माटिओ जागा होता. रडत नव्हता, खेळत नव्हता. मान वळवून डफाकडे बघत होता.

"कुणाशी बोलतेयस गं?" आयव्ही दारात उभी होती. हातात दुधाची बाटली.

"कुणाशी नाही."

"मला वाटलं, कुणीतरी आलंय."

आयव्ही जवळ आली तसा डफ पुन्हा घुमू लागला, पहिल्यापेक्षा जड. आयव्हीला ऐकू येत होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. तिने डफ सुलटा केला, ओली वेलांटी पाहिली आणि हसली. "छान झालाय. मामाला आवडला असता."

बर्नाडेटला वाटलं, माझाच राग. या पोरीसमोर तरी आवरायला हवा. तिने तो गिळला. टेबल हलायला लागलं.

४

मातीच्या दिवशी ऊन पडलं होतं. सभागृह गच्च भरलं होतं. जेवणं झाली, टेबलं ओढून भिंतीला लावली, आणि विल्फ्रेड खुर्चीवर चढला. सालितेत बोली लावायला त्याच्यासारखा दुसरा माणूस नाही. लोक रडून रडून थकलेले असतात, त्यांना हसवायचं काम त्याचं.

"हे बघा एव्हरेटचे बूट! नऊ नंबर. घालून झोपलात तरी त्याच्यासारखे घोरणार नाही, माझी खात्री!"

"तुला तर ठाऊकच असणार," मागून कुणीतरी म्हणालं, "शिकारीला एका तंबूत असायचात!"

सेडीवहिनीसुद्धा हसली. डोळे सुजून बारीक झाले होते तरी हसली. गोधड्या गेल्या, टोपल्या गेल्या, एव्हरेटचं जाकीट गेलं. मग विल्फ्रेडने डफ उचलला, आणि बर्नाडेटला त्याच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी सरकलेलं दिसलं. पण तो विल्फ्रेड होता. "हा डफ! मूस भावाचा, हात बहिणीचा! बोला!"

पेट्रोल पंपवाल्या गिल्बर्टने घेतला. टाळ्या पडल्या. तो डफ हातात घेऊन आपल्या जागेकडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला. मग वळून परत आला. "परत विका," म्हणाला. "घरच्यांना आणखी मिळू देत." पुन्हा टाळ्या पडल्या. सालितेत असं होतंच. घेतलेली वस्तू परत देणं म्हणजे मोठं मन. एकच गोधडी चार-चारदा विकली जाते आणि लोकांना त्यात मजा येते.

मग दवाखान्यातल्या लॉरेटाने घेतला. तिने छातीशी धरला, आणि तिचा चेहरा कानशिलापर्यंत लाल झाला. "माझ्याकडे भिंतीला जागाच नाही," असं पुटपुटत तिनेही परत दिला. मग हॉकीच्या संघातल्या मुलांनी वर्गणी काढून घेतला. त्यांच्यातला एकजण दुसऱ्यावर एकदम खेकसला, काही कारण नसताना, आणि डफ परत टेबलावर आला.

"आज काय मोठ्या मनाचे लोक जमलेत!" विल्फ्रेड म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

लोक टाळ्या वाजवत होते. बर्नाडेट वाजवत नव्हती. ती डफ परत ठेवणाऱ्यांची तोंडं बघत होती. ही तोंडं तिला ओळखीची होती. दिवे लागले तेव्हा, गाडी आली तेव्हा, हेच लोक असं तोंड मिटून उभे होते. म्हणजे यांनाही राग आला होता तर. यांनाही कळत होतं काय विकलं गेलं ते, आणि सगळ्यांनी गिळलं, आणि तिला एकटीला भांडखोर ठरवलं. तिला असा संताप आला की समोरच्या टेबलावर कागदी पेल्यातल्या चहावर वलयं उठली. लोकांनी वर पाहिलं. "हीटर," कुणीतरी म्हणालं.

ऍग्नेस मावशी काठी टेकत पुढे गेली. तिने बोली लावली नाही. डफ उचलून कानाला लावला, डोळे मिटले, खाली ठेवला आणि सरळ बर्नाडेटपाशी आली.

"तळ्यावर गेली होतीस का गं?"

"तळं गोठलंय, मावशी."

"मग इथे बोल. माती झाली. आता सगळ्यांसमोर बोल."

बर्नाडेटने तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं. समोर सेडीवहिनी बसली होती, मांडीवर नवऱ्याची टोपी, आणि ती हात करून म्हणत होती, "ये ना गं, बर्नाडेट, माझ्याजवळ बस." इतक्या लोकांत, या बाईच्या तोंडावर, कसं बोलायचं?

"घरी गेल्यावर बघू," ती म्हणाली. मावशीने मान हलवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

तेवढ्यात आयव्हीने हात वर केला. दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही. ती उठली, माटिओला कडेवर घेऊन पुढे गेली आणि डफ घेतला. बर्नाडेटला तो आवाज पायांतून कळला. सभागृहाची लाकडी जमीन घुमत होती. आयव्ही हसत होती, काही ऐकू येत नसल्यासारखी. बाळाने डफाच्या कडेला गाल लावला होता.

"याच्या पाळण्यावर लावीन," आयव्ही म्हणाली.

"घरात डफांचा दुष्काळ पडलाय का?"

"हा मामाचा आहे."

"आयव्ही, परत दे तो."

"का?"

सगळं सभागृह बघत होतं. का, ते बर्नाडेटला सांगता आलं नसतं, आणि सांगितलं असतं तर तिला वेडी म्हणाले असते.

"काही नाही," ती म्हणाली. "ठेव."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्नाडेट लुस्किनिगनचा पाव भाजायला टाकत होती. पाव फुगायला लागला, घरभर वास सुटला. आयव्ही मागे लाकडं आणायला गेली होती. बर्फावरचं ऊन खिडकीतून आत येऊन छतावर हलत होतं. इतकी चांगली दुपार त्या हिवाळ्यात झाली नव्हती.

आणि कामाच्या खोलीतून तो घुमण्याचा आवाज येत होता. थांबत नव्हता.

ती हात न धुताच गेली. डफ पाळण्याच्या बरोबर वर लावलेला होता. लाल-काळी वेलांटी उन्हात ओली असल्यासारखी चमकत होती. खाली माटिओ उताणा पडला होता, डोळे टक्क उघडे. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. कपाळावर दोन उभ्या आठ्या, आणि दात नसलेला जबडा असा घट्ट आवळलेला की हनुवटी पांढरी पडली होती. एवढ्याशा बाळाला असं तोंड करता येत नाही. बर्नाडेटने हे तोंड रोज सकाळी आरशात पाहिलं होतं.

तिने डफ खुंटीवरून ओढून काढला, वाद्या कापायची सुरी घेतली आणि जमिनीवर बसली. आणि मग, तो गेल्यापासून पहिल्यांदा, मनातलं मोठ्याने बोलायला तिने तोंड उघडलं.

"चोर आहेस तू!" ती ओरडली. भिंतीवरचे सगळे डफ एकदम घुमले. "चोर! आईने डोळे फोडून मणी ओवले, दिव्याजवळ बसून, आणि तू त्यावर लोकांना पाय पुसायला लावलंस! आणि हसलास! दारात उभा राहून हसलास माझ्यावर! एकदा म्हणाला असतास, चुकलो, बर्ना. एकदा! मी काय मागितलं होतं? कातडं पाठवतोस? तोंड नव्हतं तुला? आणि मेलास! मला भांडू न देता मेलास, हरामखोरा! मी तुझ्यासाठी रडलेसुद्धा नाही, आणि मला रडायचं होतं रे, दादा, मला रडायचं होतं!"

तिने सुरी जाळीत घातली. वाद्या तडातड तुटल्या. कातडं कड्यावरून सुटलं, आक्रसलं आणि जमिनीवर पडलं. आईची वेलांटी मध्येच दुमडली.

आवाज बंद झाला. भिंतीवरचे डफही हळूहळू निवले. बर्नाडेट हमसून हमसून रडली, नाकातोंडातून पाणी येईपर्यंत. रडू ओसरल्यावर तिने आत चाचपून पाहिलं, जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तसं. तिथे काही नव्हतं. एव्हरेटचं नाव मनात घेतलं. काही नाही. पायपुसणं आठवून पाहिलं. वाईट वाटलं, एवढंच. किती वर्षांनी तिचे खांदे खाली आले होते.

आयव्ही दारात उभी होती. लाकडांचा भारा छातीशी धरलेला. कधी आली होती कुणास ठाऊक. तिने जमिनीवरचं कातडं पाहिलं, सुटलेलं कडं पाहिलं, आईच्या हातातली सुरी पाहिली. मग शेगडीजवळ जाऊन एकेक लाकूड नीट रचून ठेवलं, अजिबात आवाज न करता.

"तोडलास?" तिने विचारलं.

"तोडावा लागला गं. बाळासाठी."

"बरं केलंस, आई," आयव्ही म्हणाली, आणि हसली.

घुमणं पुन्हा सुरू झालं.

बर्नाडेटने आधी जमिनीवर पाहिलं. कातडं निपचित पडलं होतं. मग भिंतीवर. एकही डफ हलत नव्हता. तिने घाईघाईने स्वतःच्या आत पाहिलं, अजून काही उरलंय का म्हणून, आणि तिथे खरंच काही नव्हतं, एक कणसुद्धा नाही. ती गुडघ्यांवर सरकत पाळण्यापाशी गेली.

माटिओचे ओठ मिटलेले होते. तो आयव्हीकडे बघत होता. बर्नाडेटने त्याच्या छातीवर पिठाचा हात ठेवला. कातड्याखाली थरथरायचं तेच, तसंच, त्याच्या एवढ्याशा बरगड्यांखाली थरथरत होतं.

"आयव्ही," ती म्हणाली. "आयव्ही, माझ्यावर ओरड."

"काय?"

"मी तुला जाऊ दिलं नाही त्याच्याकडे. किल्ली दिली नाही. बोल. शिव्या दे, काहीही फेकून मार. पण बोल गं, पाया पडते तुझ्या."

आयव्हीने अंगावरचा लाकडाचा भुसा झटकला. तिचं हसू तसंच होतं, किल्ली खुंटीला अडकवताना होतं तसं.

"कुठे काय, आई?" ती म्हणाली. "मला काही बोलायचं नाहीये."

बर्नाडेटच्या हाताखाली बाळाची छाती आणखी जोरात घुमू लागली.